न झालेल्या प्रवासाचे भाडे

रॉकेल हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे की, तो परका आहे असे सांगितले तर जुन्या माणसांना खरे वाटत नाही. खडकातून निघणारे तेल म्हणून साहेब त्याला ‘रॉक ऑइल’ म्हणे; मराठी जिभेने त्याचे रॉकेल केले. ‘गॅसलाइट’चे घासलेट झाले. आमच्या डोणगावात हे दोन्ही शब्द होते, आणि नागपूरकडून ज्या सुना आल्या त्यांनी ‘मातीचे तेल’ हा तिसराही आणला. शब्द तीन, तेल एकच. आणि आमच्या आळीपुरते तरी ते एकाच दुकानात मिळे. ते दुकान माझ्या आजोबांचे.

डोणगाव हे बुलढाणा जिल्ह्यातले, मेहकर तालुक्यातले गाव. मेहकरहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. आगगाडी इकडे कधी फिरकली नाही. त्यामुळे साऱ्या जगातून ज्या वस्तू रेल्वेने येत, त्या आमच्या दृष्टीने खामगावहून येत. काड्यापेटी खामगावची, मीठ खामगावचे, सायकल खामगावची, आणि रॉकेलही खामगावचेच. मी एकदा आजोबांना विचारले होते, “आबा, खामगावात राकेलची विहीर हाय का?” आबा वहीतून मान वर न करता म्हणाले, “विहीर कायची? तिथं मोठा यापारी हाय. त्याले पैशे देले का तो देते.” तेलाच्या अर्थशास्त्रावर मी पुढे बरीच जाड पुस्तके चाळली, आबांच्या या दोन वाक्यांत नसलेले त्यांत फारसे काही सापडले नाही.

रॉकेल घ्यायला लोक बाटली घेऊन येत. बाटलीच्या गळ्याला सुतळीचा फास, तो बोटात अडकवलेला. आबा नरसाळे बसवीत, पावशेराचे माप बुडवून काढीत, आणि माप रिते झाल्यावरही शेवटचा थेंब पडेपर्यंत ते नरसाळ्यावर उपडे धरून ठेवीत. गिऱ्हाईक तेवढा वेळ त्या थेंबाकडे पाहत उभे असे. पोरासोरांनासुद्धा घाई नसे. त्या एका थेंबाने घरातली चिमणी किती वेळ जळते, हे आम्हांला कळत नव्हते असे नाही.

तेलापेक्षा मोठी वस्तू म्हणजे तेलाचा डबा. चार गॅलनांचा, आजच्या मापाने अठरा लिटरांच्या आसपास. तो रिकामा झाला की त्याच्यावर आधीपासून नाव लागलेले असे. कोणाला पाण्याच्या कावडीसाठी जोडी हवी असे, कोणाला धान्यात किडा शिरू नये म्हणून हवा असे, आणि ज्याचे घर पावसाने गळत असे तो डबा उभा चिरून, ठोकून सपाट करून छपरावर घाली. चिमण्या त्याच्याच पत्र्याच्या, नरसाळी त्याच्याच पत्र्याची. पुढे वाचनात आले तेव्हा कळले की, हा आमच्या गावचाच काटकसरीपणा नव्हे. सगळ्या आशिया खंडात हेच चालले होते, आणि त्यावर एका मोठ्या कंपनीचे नशीब हेलकावले होते.

ती हकीकत मौजेची आहे. अमेरिकेत रॉकफेलरसाहेबांनी १८७० साली स्टँडर्ड ऑइल कंपनी काढली आणि तिचे रॉकेल निळ्या डब्यांतून पूर्वेकडे येऊ लागले. लंडनला मार्कस सॅम्युअल नावाचा एक व्यापारी होता. त्याचे वडील शिंपल्यांनी मढवलेल्या पेट्या विकत. या सॅम्युअलने हिशेब केला की, डबे भरून गलबतात रचण्यापेक्षा गलबताचेच एक मोठे पिंप केले तर तेल स्वस्त पडेल. १८९२ साली त्याचे ‘म्युरेक्स’ नावाचे जहाज रशियाचे सुटे रॉकेल पोटात घेऊन सुएझच्या कालव्यातून पूर्वेकडे आले. ‘म्युरेक्स’ हे एका समुद्रशंखाचे नाव. तेल स्वस्त, कल्पना उत्तम, परंतु तेल खपेना! सॅम्युअलने धरले होते की, लोक आपापली भांडी घेऊन येतील. लोकांना तर डबाच हवा होता. तेव्हा त्याने घाईघाईने पत्रा पाठवला, जागोजागी डबे तयार करविले आणि ते लाल रंगविले. निळ्या डब्याशी लाल डब्याची झुंज लागली. शिंपल्याच्या खुणेची ‘शेल’ कंपनी १८९७ साली निघाली आणि १९०७ साली ती डच कंपनीशी जोडली गेली. ग्लासगोच्या माणसांनी १८८६ साली काढलेली बर्मा ऑइल कंपनी ब्रह्मदेशातले तेल काढून हिंदुस्थानात विकत होतीच. या दोघींनी १९२८ साली हिंदुस्थानातल्या विक्रीपुरता संसार एकत्र मांडला. तीच आपली बर्मा-शेल.

आता माझ्या धंद्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर पुढचे नीट कळणार नाही. मी मॅट्रिक होऊन मुंबईला गेलो आणि सरकारी हिशेबतपासणीच्या कचेरीत लागलो. पस्तीस वर्षे मी लोकांची प्रवासभत्त्याची बिले तपासली. काम रुक्ष खरे, परंतु मनुष्यस्वभाव शिकायला त्याच्यासारखी शाळा नाही. एखादा कारकून अकोल्याला जातो म्हणून सांगून मूर्तिजापूरलाच सासुरवाडीत मुक्काम करतो आणि बिल अकोल्याचे लावतो. अशा बिलावर आम्ही लाल शाईने रेघ मारीत असू. न केलेल्या प्रवासाचे भाडे मागणे हा आमच्या पोथीत पहिल्या प्रतीचा अपराध. नोकरीतून मोकळा झाल्यावर मी तेल कंपन्यांचा इतिहास हौसेने वाचू लागलो आणि एका ठिकाणी आपोआप माझा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला.

आबांच्या दुकानाच्या जुन्या वह्या आमच्याकडे आहेत. मोडी मला बऱ्यापैकी लागते. १९२७ च्या अखेरीपासून पुढे काही महिने रॉकेलचा भाव एकाएकी उतरलेला त्यांत दिसतो. आकडे देत नाही. एका खेड्यातल्या एका दुकानाची वही म्हणजे काही पुरावा नव्हे. परंतु आबाही ती आठवण सांगत. “त्या साली राकेल लय सोस्त झालं होतं. काहून झालं, कोनाले माहीत! लोक रातच्याले कंदील लावून पत्ते खेयत.” मग भाव पुन्हा चढला. काहून चढला तेही कोणाला माहीत नव्हते. गावातल्या शहाण्यांनी त्याचा संबंध कपाशीच्या भावाशी लावला, कारण आमच्याकडे कशाचाही संबंध कपाशीच्या भावाशी लावता येतो.

झाले होते ते असे. रशियात क्रांती झाली आणि १९२० साली बाकूच्या तेलविहिरी नव्या सरकारने ताब्यात घेतल्या. त्यांत शेल कंपनीच्याही विहिरी गेल्या. पुढे ते रशियन रॉकेल न्यूयॉर्कच्या स्टँडर्ड कंपनीने विकत घेतले आणि हिंदुस्थानात आणले. शेलचे सूत्रधार हेन्री डेटर्डिंग संतापले. हा चोरीचा माल आहे, असे त्यांचे म्हणणे. १९२७ च्या सप्टेंबरात त्यांनी हिंदुस्थानातच रॉकेलचे भाव पाडले, समोरच्याने आणखी पाडले, आणि ही लढाई पाहता पाहता इतर देशांतही पसरली. युद्धभूमी म्हणून मुंबई, कलकत्ता अशी नावे पुस्तकांत सापडतात. डोणगाव सापडत नाही. पण पत्त्यांचे डाव रंगले ते इथे.

अशी लढाई फार दिवस कोणालाच परवडत नाही. १९२८ च्या उन्हाळ्याच्या शेवटी डेटर्डिंगसाहेबांनी स्कॉटलंडात अ‍ॅक्नाकॅरी नावाचा एक वाडा भाड्याने घेतला. निमित्त शिकारीचे. पाहुणे कोण, तर न्यू जर्सीच्या स्टँडर्ड कंपनीचे वॉल्टर टीगल आणि आज ज्या कंपनीला बीपी म्हणतात त्या इराणातल्या इंग्रज कंपनीचे जॉन कॅडमन. पाखरे किती पडली याची नोंद मला मिळाली नाही. पण तिथे ठरले ते एवढे: आज ज्याचा बाजारात जितका वाटा आहे तितकाच त्याचा पुढे राहावा, कोणी कोणाच्या ताटातले ओढू नये. आणि किमतीचा पाया एकच धरावा. तेल कुठेही निघो, कुठूनही येवो, त्याची किंमत अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरची, मेक्सिकोच्या आखातातली धरावी, आणि तिथून गिऱ्हाइकाच्या बंदरापर्यंतचे भाडे तिच्यावर चढवावे.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. इराणातल्या आबादानहून मुंबई म्हणजे जहाजाला शेजारच्या गल्लीतून येण्यासारखे. तिथून तेल यावे आणि भाडे मात्र अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आल्याचे लागावे! मेहकरचा गूळ डोणगावात विकताना कोल्हापूरपासूनचे गाडीभाडे लावण्यातला हा प्रकार. कोणी दुकानदाराने तसे केले असते तर शनिवारच्या पारावर त्याची शोभा झाली असती. आमचा मूर्तिजापूरचा कारकून तर या मंडळींपुढे अगदीच भोळा म्हणायचा. तो करार इतका गुप्त होता की, अमेरिकन सरकारच्या चौकशीचा अहवाल १९५२ साली प्रसिद्ध झाला तेव्हा कुठे तो जगाला वाचायला मिळाला. चोवीस वर्षे! तोपर्यंत आबांच्या डोक्याचे केस गेले होते.

मधल्या काळात युद्ध झाले. १९४२ साली जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या तेव्हा तेल शत्रूच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी रंगूनजवळच्या सिरियमचा तेलशुद्धीकरणाचा कारखाना आणि येनांजाऊंगच्या विहिरी स्वतःच उद्ध्वस्त केल्या. इकडे रॉकेल मिळेनासे झाले. आजी सांगे की, त्या दिवसांत तिने माळ्यावरचे जुने लामणदिवे खाली काढले आणि जवसाच्या तेलावर रात्री काढल्या. तिला त्याचे फारसे दुःख नव्हते. दिवाळीच्या पणत्यांत तिने जन्मभर घासलेट घातले नाही. “देवाले वास येते,” म्हणे. रॉकेल आल्यावर गावातल्या तेल्याचे दिव्याचे गिऱ्हाईक तुटले होते, ते त्या दोन-तीन वर्षांत त्याच्या दारी परत आले, आणि युद्ध संपताच पुन्हा गेले.

बर्मा ऑइल कंपनीने मात्र आपल्या नुकसानीची भरपाई ब्रिटिश सरकारकडे मागितली, आणि वीस-बावीस वर्षे चिकाटीने भांडून १९६४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठापुढे निकाल आपल्या बाजूने लावून घेतला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने मागल्या तारखेपासून लागू होणारा कायदा करून तो निकाल निरुपयोगी केला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला अजून शिकवतात. डोणगावात चिमण्या विझल्या त्याची भरपाई कोणी मागितली नाही, त्यामुळे ती नाकारण्याचा प्रश्नही आला नाही.

स्वराज्यानंतर आपल्या सरकारला घरचे शुद्धीकरण कारखाने हवे होते. पैसा नव्हता, विद्या नव्हती. १९५१ साली स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेल या कंपन्यांशी करार झाले आणि पंचवीस वर्षे कारखाने ताब्यात घेणार नाही असे वचन सरकारने दिले. तुर्भ्याला स्टॅनव्हॅकचा कारखाना १९५४ मध्ये आणि जवळच माहुलला बर्मा-शेलचा १९५५ मध्ये सुरू झाला. त्या बांधकामावर माझे एक चुलते मजुरी करून आले. गावी परतल्यावर ते महिनाभर एकच गोष्ट सांगत: तिथे रात्र होत नाही, एवढे दिवे असतात. ऐकणारे आपल्या चिमणीची वात खाली करीत आणि पुढचे ऐकत.

आता रॉकेल मुंबईतच तयार होऊ लागले, म्हणजे किंमत मुंबईची लागेल असे तुम्हांआम्हांला वाटणार. तसे नाही. करारात किंमत आयातीच्या बरोबरीने धरायची होती. कच्चे तेल आखातातून येई हे खरे. पण माहुलच्या भट्टीतून निघालेल्या रॉकेलची किंमत, ते रॉकेल तयार होऊनच परदेशातून जहाजाने आले आहे, असे समजून मोजायची. १९६० साली रशियाने कमी भावात, रुपयांत, कच्चे तेल देऊ केले. मंत्री केशवदेव मालवीय यांनी ते शुद्ध करून द्या असे कंपन्यांना सांगितले. कंपन्यांनी करार दाखवला आणि नकार दिला. मात्र त्यानंतर आपल्या स्वतःच्या तेलावर सूट देणे त्यांना एकाएकी शक्य झाले! १९६१ साली के. आर. दामले यांच्या समितीने या साऱ्या किमतींचा हिशेब तपासून त्या उतरवायला सांगितले. दामल्यांचा अहवाल मी वाचला तो एखादे नाटक वाचावे तसा. आमच्याच जातीचा, म्हणजे हिशेबतपासनिसांच्या जातीचा माणूस. शांतपणे एकेक रकाना घेतो आणि विचारतो, हे कशाचे?

पुढे १९७४ साली एस्सो सरकारने घेतली, तिची हिंदुस्थान पेट्रोलियम झाली. १९७६ च्या जानेवारीत बर्मा-शेल घेतली, तिची पुढल्या वर्षी भारत पेट्रोलियम झाली. मेहकरला पंपावरचा शिंपला उतरवून नवी पाटी लावली त्या दिवशी आबा हयात नव्हते. मला विचाराल तर ते योग्यच झाले, आणि आजही माझे मत बदललेले नाही. मात्र कंपनीचे देणे नाकारू नये. माझा मॅट्रिकचा सगळा अभ्यास तिच्या कंदिलाखाली झाला आहे. जवसाच्या पणतीत भूमिती दिसत नाही.

पाटी आपली झाली म्हणून गोष्ट निवळली, असेही नाही. गरिबाच्या चुलीसाठी सरकारने रॉकेल स्वस्त ठेवले, आणि डिझेल महाग राहिले. दोन भावांत जेवढे अंतर, तेवढी लोभाला जागा. रेशनच्या रॉकेलला ओळख म्हणून निळा रंग दिला. ते तरीही टँकरांत जातच राहिले. मनमाडजवळ पानेवाडीला तेलाचे मोठे साठे आहेत. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे २५ जानेवारी २०११ रोजी त्या रस्त्याने जात असताना त्यांना भेसळीचा धंदा उघड्यावर चाललेला दिसला. ते गाडी थांबवून उतरले आणि चौकशी करू लागले. त्यांना तिथेच, भर दिवसा, जिवंत जाळले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. राज्यभरच्या सरकारी नोकरांनी त्यानंतर काम बंद ठेवले. मी तेव्हा निवृत्त होतो, पण पत्नीला सांगून त्या दिवशी घरात बसून राहिलो, कुठलेही काम केले नाही. ज्याचे काम मोजमाप पाहणे, तो मोजमाप पाहायला उतरला होता. आबांचे उपडे धरलेले माप मला त्या आठवड्यात फार आठवले.

२००६ साली सरकारने किमतीचे नवे सूत्र घेतले. त्याला ‘व्यापार समता’ असे भारदस्त नाव आहे. कारखान्याच्या दाराशी पेट्रोल-डिझेलचा भाव किती, तर ऐंशी टक्के आयातीच्या भावाने आणि वीस टक्के निर्यातीच्या भावाने. आयातीचा भाव म्हणजे काय? परदेशातली किंमत, अधिक जहाजभाडे, अधिक विमा, अधिक जकात. मुंबईच्या समुद्रात १९७४ साली आपलेच तेल लागले. ते तिथून माहुलला यावे, तिथे त्याचे डिझेल व्हावे, आणि त्याने कागदावर पुन्हा एक समुद्रप्रवास करावा! कारणे दिली जातात आणि ती अगदीच पोकळ नाहीत. कच्चे तेल बहुतेक बाहेरूनच घ्यावे लागते, कारखान्यांना जगाच्या स्पर्धेत टिकायचे असते, वगैरे. ती मी समजून घेतली आहेत. तरी लाल पेन स्वस्थ बसत नाही. वाडा बदलला, शिकारी बदलले, आणि रकाना तोच.

मधल्या काळात कंपन्या विकायची गोष्टही दोन-तीनदा निघाली. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, संसदेने कायदा करून घेतलेली कंपनी संसदेला विचारल्याशिवाय विकता येणार नाही. मग जुने कायदे निकाली काढण्याच्या एका मोठ्या यादीत २०१६ साली तो बर्मा-शेलचा कायदाही गेला. गेला हे फार थोड्यांच्या लक्षात आले. २०१९ साली भारत पेट्रोलियममधला सरकारचा वाटा विकायचे ठरले, आणि पुरेशी गिऱ्हाइके न टिकल्याने २०२२ साली ते रहित झाले. आबा असते तर म्हणाले असते, मोठा यापारी भेटला नाही.

परवा दिवाळीसाठी गावी गेलो होतो. पुतण्याच्या मुलाबरोबर ट्रॅक्टरला डिझेल भरायला रस्त्यावरच्या पंपावर उतरलो. तेल कुठून येते असे तिथल्या पोराला विचारले. टँकर अकोल्याजवळच्या गायगावहून येतो, म्हणाला. त्यापलीकडचे त्याला सांगता येईना, आणि त्याचा दोषही नाही. “झिरो पाहून घ्या, आजोबा,” असे म्हणून त्याने नळी लावली. आकडे धावू लागले. नळी काढताना शेवटचे चार थेंब जमिनीवर पडले, तिकडे कोणी पाहिले नाही. मी पावती मागून घेतली. लिटर, दर, एकूण रक्कम. भाड्याचा रकाना कुठे नव्हता. सवयीने ती उलटून पाहिली. मागे दिवाळीच्या शुभेच्छा छापल्या होत्या.